रणधुरंधर महाराणी ताराबाई

पुण्याकडून येणारी एस.टी. कोल्हापूर शहरात शिरते ती कावळा नाक्यावरून. त्या चौकात महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा आहे. शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांनी घडविलेला हा घोडा केवळ मागच्या दोन पायांवर उभा आहे, आणि एवढा अवजड पुतळा दोन पायांवर तोलला कसा याचे कौतुक कोल्हापूरकर प्रत्येक पाहुण्याला आवर्जून ऐकवितात. पण त्या घोड्यावर बसलेल्या बाईंना स्वतःच्या आयुष्यात केवढा तोल सांभाळावा लागला, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. आपल्या क्रमिक पुस्तकांतूनही राजाराम महाराजांचा मृत्यू आणि शाहू महाराजांची सुटका या दोन घटनांच्या मध्ये ताराबाईंच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद येतो. वस्तुतः त्या एका परिच्छेदात सात वर्षांचे युद्ध आहे, आणि ते युद्ध हिंदुस्थानच्या बादशहाशी एका पंचविशीतील विधवेने चालविले होते.

शिवराज्याभिषेकानंतर एका वर्षाने, १६७५ साली ताराबाई जन्मल्या आणि पानिपताच्या वर्षी, १७६१ साली त्यांनी देह ठेवला. शहाऐंशी वर्षांच्या या आयुष्यात मराठी राज्याचा उदय, त्याच्यावर कोसळलेले संकट, त्याचा विस्तार आणि त्याच्यावरचा सर्वांत मोठा आघात हे सारे सामावलेले आहे. त्यांच्याविषयी लिहिताना दोन टोके हमखास गाठली जातात. कोणी त्यांना हाती तलवार घेतलेली देवी करून सोडतो, तर कोणी राज्यात दुही माजविणारी हट्टी बाई म्हणून निकालात काढतो. देवी म्हटले की अभ्यास करावा लागत नाही आणि हट्टी म्हटले की कर्तृत्व मान्य करावे लागत नाही. खऱ्या ताराबाई या दोहोंहून वेगळ्या आहेत. स्त्रीने सैन्याचे नेतृत्व करायचे म्हणजे काय काय करावे लागते आणि ते कशाच्या बळावर टिकते वा कोसळते, हे त्यांच्या चरित्रावरून जितके स्पष्ट कळते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्रावरून कळत असेल.

ताराबाई कऱ्हाडजवळच्या तळबीड गावच्या मोहित्यांच्या घरातल्या. वडील हंबीरराव मोहिते हे शिवाजी महाराजांचे सरसेनापती. १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर पडल्यावर महाराजांनी सेनापतिपद त्यांना दिले. हंबीररावांची बहीण सोयराबाई ही महाराजांची राणी. महाराजांच्या निधनानंतर १६८० मध्ये सोयराबाईंनी व काही प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसविले, तेव्हा सख्ख्या भाच्याचा पक्ष सोडून हंबीरराव थोरल्या संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. बहिणीचा रोष त्यांनी पत्करला, पण सैन्यात फूट पडू दिली नाही. ताराबाई तेव्हा अवघ्या पाच वर्षांच्या होत्या. तरी पुढे समज आल्यावर हा प्रसंग त्यांच्या कानी पडल्यावाचून राहिला नसेल. सेनापतीच्या घरची मुलगी दागदागिन्यांबरोबरच घोडे, स्वाऱ्या आणि गडकोट यांच्या गोष्टी ऐकत वाढते. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी तिचा विवाह आत्याच्या मुलाशी, म्हणजे राजारामांशी झाला. १६८७ मध्ये वाईच्या लढाईत हंबीरराव रणांगणावर पडले. ताराबाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या.

त्यानंतरची दोन वर्षे मराठी राज्याच्या इतिहासातील काळीकुट्ट वर्षे होत. १६८९ च्या प्रारंभी संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले आणि मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांची हत्या केली. रायगडाला वेढा पडला. येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम गडाबाहेर पडले व पन्हाळ्यावरून वेषांतर करून दूर कर्नाटकात जिंजीच्या किल्ल्यावर पोचले. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू बादशहाचे कैदी झाले. महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे सोपविला गेला. त्यांना हुकुमतपनाह हा किताब मिळाला आणि राजाच्या अनुपस्थितीत राजाचेच अधिकार प्राप्त झाले.

ताराबाई विशाळगडावर राहिल्या. चरित्रकार या वर्षांवरून घाईने पुढे जातात, परंतु त्यांच्या नेतृत्वाची शाळा कोणती असे विचारले तर तिचे उत्तर विशाळगड असेच द्यावे लागेल. खजिना रिकामा, राजा शेकडो कोस दूर, मुलूख मोगलांनी व्यापलेला, आणि तरीही रामचंद्रपंत, शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक ही मंडळी गड राखीत होती, पळालेल्या माणसांना गोळा करीत होती, रोख पगार देता येत नाही म्हणून वतनाच्या आशेवर सरदारांना धरून ठेवीत होती. कोणत्या गडावर किती दाणागोटा आहे, कोणता देशमुख मोगलांकडे झुकला आहे, कोणाला कौल द्यायचा आणि कोणाला धाक, हे सारे त्यांना तेथे जवळून पाहायला मिळाले. लष्करी शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दांडपट्टा येतो. पण लढाईपूर्वीचा हिशेब आणि लढाईनंतरची डागडुजी ज्याला येते तोच सैन्य चालवू शकतो, हा धडा ताराबाई विशाळगडावर शिकल्या.

१६९४ च्या सुमारास कोकण किनाऱ्यावरून जहाजाने होनावरपर्यंत व तेथून खुष्कीच्या मार्गाने त्या जिंजीला गेल्या. तेथे १६९६ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याचे नाव आजोबांचेच, शिवाजी, असे ठेवण्यात आले. जिंजीत त्यांना आणखी एक गोष्ट पाहायला मिळाली आणि ती दुःखाची होती. संताजी घोरपडे व धनाजी जाधव हे त्या काळचे दोन अद्वितीय सेनानी. संताजींनी १६९५ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाची केलेली दैना मोगल कधी विसरले नाहीत. परंतु या दोघांचे वैर विकोपाला गेले आणि १६९७ मध्ये संताजींचा खून झाला. शत्रूला जे जमले नाही ते आपसातील हेव्याने करून दाखविले. सरदार जितका मोठा तितका त्याला सांभाळणे अवघड, हा अनुभव पुढे ताराबाईंना पदोपदी यायचा होता.

१६९८ मध्ये जिंजी मोगलांच्या हाती गेली. राजाराम त्यापूर्वीच निसटून महाराष्ट्रात आले होते, आणि पुढे राजपरिवारही परतला. साताऱ्याला राजधानी आली. औरंगजेबाने आता स्वतःच गड जिंकण्याचा निश्चय केला आणि १६९९ च्या अखेरीस साताऱ्याला वेढा घातला. तो चालू असतानाच मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

तो क्षण आपण डोळ्यांपुढे आणावा. राजा गेला आहे. थोरल्या घराण्याचा वारस शाहू शत्रूच्या छावणीत आहे. राजधानीला वेढा पडला आहे. राजारामांची एक राणी, अंबिकाबाई, सती गेली. पंचविशीतल्या ताराबाईंपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे चार वर्षांच्या मुलाला पोटाशी धरून कोणत्या तरी गडावर वैधव्य कंठणे. दुसरी वाट रूढीने आखलेली नव्हती, आणि ताराबाईंनी तीच धरली. मुलाची मुंज करून त्याला गादीवर बसवावे व त्याच्या नावाने राज्य आपण चालवावे असा आग्रह त्यांनी धरला. शाहूच खरा वारस आहे असे मानणाऱ्या रामचंद्रपंतांसारख्या अनुभवी माणसाचा त्याला विरोध होता. परशुराम त्रिंबक व शंकराजी नारायण ताराबाईंच्या बाजूला राहिले. त्यांनी प्रथम विरोध मोडून काढला आणि नंतर त्याच रामचंद्रपंतांना पुन्हा कारभारात सामावून घेतले. मोडणे आणि जोडणे या दोन्ही कला त्यांना अवगत होत्या.

राजाराम गेल्याची वार्ता बादशाही छावणीत पोचली तेव्हा तेथे आनंदाचे नगारे वाजले. आता एक बाई आणि एक पोर एवढेच शिल्लक आहे, त्यांना वठणीवर आणायला कितीसा वेळ लागणार, असा सर्वांचा होरा होता. ताराबाईंकडून बादशहाकडे तहाचे बोलणेही गेले. मुलाला मनसब व दख्खनच्या देशमुखीचा हक्क मिळावा, त्या बदल्यात काही गड देऊ, असा तो प्रस्ताव होता. बादशहाने तो धुडकावला, कारण त्याला सारेच गड हवे होते. या बोलण्यावरून कोणी ताराबाईंच्या निष्ठेवर शंका घेतात. परंतु पुढची सात वर्षे पाहिली म्हणजे हा तह मुख्यतः उसंत मिळविण्यासाठी असावा असेच वाटते.

आता युद्धाकडे वळू. औरंगजेबाचा बेत सरळ होता. एकेक गड घ्यायचा आणि मराठ्यांचे पाय उखडायचे. एप्रिल १७०० मध्ये सातारा पडला, पण त्यासाठी बादशहाला मोठी किंमत द्यावी लागली. मोगलांनीच पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट उलटून त्यांची शेकडो माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. साताऱ्याचे नाव आजमतारा ठेवण्यात आले. पुढे परळी, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड व तोरणा. यादी वाचताना वाटते की मराठ्यांचे सर्वस्वच गेले. पण या यादीतच ताराबाईंच्या युद्धनीतीचे मर्म आहे.

गड शेवटच्या माणसापर्यंत लढवायचा नाही, तर शत्रूचा जास्तीत जास्त काळ, पैसा आणि माणूस खर्ची पडेपर्यंत लढवायचा. पावसाळा तोंडावर आला, छावणीत अन्नान्न दशा झाली आणि बादशहा कसेही करून वेढा संपवायला उतावीळ झाला की रक्कम ठरवून गड खाली करून द्यायचा. शिबंदी आपल्या शस्त्रांनिशी सुखरूप बाहेर पडायची. विशाळगड परशुराम त्रिंबकांनी सहा महिने झुंजविला आणि सुमारे दोन लाख रुपये घेऊन जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, मोकळा केला. विजयी बादशहा परत निघाला तो सह्याद्रीच्या पावसात. ओढे-नाले तुडुंब भरलेले, उंट-बैल चिखलात रुतून मेलेले. पन्हाळ्यापर्यंतचे जेमतेम तीस मैलांचे अंतर कापायला त्याला महिन्याहून अधिक काळ लागला. अशा विजयाला विजय तरी म्हणावे का? गड मिळाला तरी त्यात शिबंदी ठेवायची, तिला रसद पुरवायची म्हणजे पुन्हा खर्च. बादशहा पुढच्या गडाकडे वळला की मागचा गड मराठे घेऊ लागायचे. १७०४ नंतर आणि बादशहाच्या मृत्यूच्या आगेमागे सातारा, पन्हाळा, सिंहगड, राजगड हे सारे याच रीतीने परत आले.

नीतीची दुसरी बाजू याहून धाडसी होती. बादशहा सह्याद्रीत अडकला असताना युद्ध त्याच्याच मुलखात न्यायचे. नेमाजी शिंदे १७०३-०४ मध्ये नर्मदा ओलांडून माळव्यात शिरले. १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत रतनपूरला मोगल फौजेचा धुव्वा उडविला व तिचे सरदार कैद केले. दर्यावर कान्होजी आंग्रे होते. केवळ लूट करून परतायचे हा प्रकारही मागे पडू लागला. मोगली मुलखातच मराठ्यांचे सुभेदार, चौथ वसूल करणारे कमाविसदार आणि वाटांवर जकात घेणारे राहदार बसू लागले. ज्या प्रदेशातून बादशहाला पैसा यायचा त्याच प्रदेशाच्या पैशावर त्याच्याशी लढायचे अशी ही योजना होती. पुढे बाजीरावांच्या काळात जो विस्तार झाला त्याची वाट प्रथम याच वर्षांत मळली, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

या सगळ्यात ताराबाई स्वतः काय करीत होत्या? प्रत्यक्ष रणांगणावर त्यांनी किती वेळा तलवार चालविली याची चर्चा पोवाड्यांत शोभते, पण त्यांचे खरे काम वेगळे होते. त्या एका गडावरून दुसऱ्या गडावर फिरत राहिल्या, म्हणजे शत्रूला कधी एका घावात राज्य संपविता आले नाही. कोणत्या सरदाराने कोणत्या सुभ्यात जायचे, कोणी वेढ्याच्या पिछाडीवर छापे घालायचे, कोणत्या गडावर कोण किल्लेदार राहील, हे निर्णय त्यांचे असत. सरदार वयाने, अनुभवाने थोर, शिवाय मानी. धनाजी तर त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासून लढत आलेले. अशा माणसांनी एका तरुण विधवेचा हुकूम मानायचा ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. औरंगजेबाच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान हा मराठ्यांचा मित्र खासच नव्हता. पण त्यानेसुद्धा ही बाई बुद्धिमान व धोरणी होती, राज्यकारभारात आणि फौजेच्या व्यवस्थेत तिने नाव कमावले होते आणि तिच्या काळात मराठ्यांचे बळ दिवसेंदिवस वाढत गेले, अशी कबुली दिली आहे. शत्रूने दिलेले असे प्रशस्तिपत्र फार थोड्यांच्या वाट्याला येते.

अखेर थकलेला बादशहा १७०६ च्या प्रारंभी अहमदनगरला परतला. वाटेत मराठ्यांच्या तुकड्या छावणीभोवती घिरट्या घालीत होत्या. १७०७ मध्ये तेथेच, भिंगारला, त्याने डोळे मिटले. पंचवीस वर्षे दख्खनमध्ये घालवून, खजिना आणि फौज खर्चून, मराठी राज्य बुडविल्यावाचून तो गेला. त्या पंचवीस वर्षांतील शेवटची सात वर्षे त्याच्यासमोर ताराबाई उभ्या होत्या.

येथे हे चरित्र संपले असते तर ते वीरकथा ठरले असते. परंतु खरी कसोटी येथूनच सुरू होते.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा आजमशहा याने १७०७ च्या मे महिन्यात शाहूंना मोकळे केले. मराठ्यांत दुही माजावी हा त्यामागचा हेतू उघड होता, आणि तो सफळ झाला. ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरविले आणि आपण राखलेले राज्य आपल्या मुलाचेच आहे असे जाहीर केले. त्यांचे म्हणणे सर्वस्वी अन्यायाचे नव्हते. शाहू कैदेत असताना ज्यांनी रक्त सांडले ते कोणाच्या हुकमाने? पण दुसऱ्या बाजूला थोरल्या छत्रपतींच्या थोरल्या मुलाचा औरस पुत्र उभा होता. परसोजी भोसले शाहूंना मिळाले. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि धनाजी जाधव, ताराबाईंचे सेनापती, शाहूंच्या बाजूला गेले. बाळाजी विश्वनाथांनी त्यांचे मन वळविले होते. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. पुढे कान्होजी आंग्रेही शाहूंकडे वळले.

ज्या सैन्याने सात वर्षे ताराबाईंचे ऐकले ते काही महिन्यांत का निघून गेले? त्यांच्या युद्धकौशल्यात काही उणे होते म्हणून नव्हे. मला वाटते, याचे कारण त्यांच्या अधिकाराच्या स्वरूपातच होते. हुकूम ताराबाईंचा असे, पण शिक्का मुलाच्या नावाचा असे. सरदारांनी आज्ञा मानली ती शिवछत्रपतींच्या गादीची, आणि त्या गादीला ताराबाई म्हणजे तात्पुरता आधार वाटत होता. अधिक सबळ हक्काचे पुरुषनाव समोर येताच हा आधार अनावश्यक झाला. त्यांचे कर्तृत्व स्वतःचे होते, अधिकार मात्र उसना होता. उसना अधिकार कितीही तेजाने वापरला तरी मागणारा आला की परत करावा लागतो.

याचा पुढचा दाखला तर घरातच मिळाला. ताराबाईंनी पन्हाळ्याला आपली स्वतंत्र गादी उभी केली. हीच पुढे कोल्हापूरची गादी झाली. पण १७१४ मध्ये सवत राजसबाई यांच्या पक्षाने उठाव करून आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसविले आणि ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी यांना कैदेत टाकले. मुलगा कैदेतच १७२६ मध्ये वारला. ज्या नावाने राज्य चालविले होते ते नावही गेले. १७३० मध्ये वारणेकाठी शाहूंच्या फौजेने कोल्हापूरकरांचा पराभव केला. त्या वेळी ताराबाई शाहूंच्या हाती आल्या आणि त्यांनी कोल्हापूरला परतण्याऐवजी साताऱ्याला जाणे पसंत केले. एक कैद संपून दुसरी, थोडी सन्मानाची, नजरकैद सुरू झाली. बादशहाला झुंजविणाऱ्या बाईने पुढची अठरा वर्षे साताऱ्याच्या किल्ल्यावर शांतपणे काढली. कोणालाही वाटले असेल की ही ज्योत आता विझली.

ती विझलेली नव्हती. १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले. मुलाला एक मुलगा झाला होता, त्याला जिवाच्या भीतीने लपवून वाढविले, असे ताराबाईंनी शाहूंच्या अखेरच्या काळात उघड केले होते. त्यावर विसंबून रामराजा गादीवर आला. पंचाहत्तरीच्या ताराबाई नातवाच्या नावाने पुन्हा सत्ता हाती घ्यायला सिद्ध झाल्या. परंतु कारभार तोवर पेशव्यांच्या हाती गेला होता, आणि १७५० मध्ये सांगोल्याला रामराजाने उरलासुरला अधिकारही नानासाहेबांच्या स्वाधीन केला. त्याच वर्षी चंपाषष्ठीच्या निमित्ताने ताराबाईंनी रामराजाला किल्ल्यावर बोलाविले आणि दरवाजे बंद करून कैद केले. गुजरातेतून दमाजी गायकवाड मोठी फौज घेऊन त्यांच्या मदतीला धावले. त्यामागे उमाबाई दाभाडे होत्या. सेनापती दाभाड्यांच्या घराण्याची सूत्रे पती व पुत्र यांच्या मागे सांभाळणारी ही दुसरी कर्ती विधवा. दोन वृद्ध स्त्रियांनी मिळून पेशवाईला दिलेले हे आव्हान होते. नानासाहेब निजामाच्या मोहिमेवरून दौडत आले, दमाजींचा पराभव करून १७५१ मध्ये त्यांना कैद करण्यात आले. तरी ताराबाईंनी किल्ला सोडला नाही.

आणि मग १७५२ च्या सप्टेंबरात जेजुरीला, खंडोबाच्या देवळात, ताराबाईंनी शपथेवर सांगितले की रामराजा आपला नातू नव्हे.

ताराबाईंविषयी ज्यांना आदर आहे त्यांना येथे मान खाली घालावी लागते. आधीचे सांगणे आणि नंतरची शपथ, दोहोंपैकी एक खोटे होते. दोन्ही वेळा राजकारण साधण्यासाठी एका मुलाच्या जन्माचा उपयोग केला गेला. रामराजाचे आयुष्य त्यामुळे नासलेच, पण छत्रपतींच्या गादीची उरलेली प्रतिष्ठाही लयाला गेली आणि पेशव्यांना मोकळे रान मिळाले. ज्या गादीसाठी त्या बादशहाशी लढल्या तिचेच त्यांच्या हातून नुकसान झाले. हे लपवून त्यांचे चरित्र सांगणे म्हणजे त्यांच्यावर अन्यायच होय, कारण मग या चुकीमागचे कारणही लपते. आधी मुलगा, मग नातू, कोणा ना कोणा पुरुषाच्या नावाची ढाल त्यांना हवीच होती. स्वतःच्या नावाने राज्य मागण्याची सोय त्या काळाने त्यांना दिली नव्हती. नाव मिळविण्यासाठी ज्याला आयुष्यभर झगडावे लागते त्याच्या हातून शेवटी नावापायी खोटेपणाही घडतो. हे समर्थन नव्हे, केवळ कारण आहे.

पेशव्यांशी समेट होऊन ताराबाई अखेरपर्यंत साताऱ्याच्या किल्ल्यावर राहिल्या, मानाने राहिल्या. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब गेले. या साऱ्या वार्ता ऐकून त्याच वर्षीच्या डिसेंबरात ताराबाईंनी प्राण सोडला. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्यांची समाधी आहे. पुतळ्यासमोर जितकी गर्दी होते तितकी तेथे होत नाही.

या लेखाच्या निमित्ताने एक योगायोग सांगावासा वाटतो. राजाराम महाराजांनी ज्या सिंहगडावर देह ठेवला व जेथून ताराबाईंच्या सेनानीपदाला खऱ्या अर्थाने आरंभ झाला, त्या गडाच्या परिसरातच, खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथे कित्येक दशके केवळ मुलगेच शिकत होते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सैन्यातील स्त्री-अधिकाऱ्यांना कायम नियुक्तीचा हक्क दिला आणि केवळ स्त्री म्हणून त्यांना नेतृत्वाच्या पदापासून दूर ठेवता येणार नाही असा निर्णय केला. २०२१ मध्ये प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा मुलींना खुली झाली, आणि मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.

त्या सतरा जणींतील कोणी ताराबाईंहून शूर किंवा धोरणी निघेल की नाही हे काळच ठरवील. पण एका बाबतीत त्या आजच ताराबाईंच्या पुढे आहेत. उद्या त्यांच्यापैकी एखादी जो हुकूम काढील त्याच्याखाली तिच्या मुलाचे, नातवाचे वा नवऱ्याचे नाव नसेल. तिचे स्वतःचे नाव असेल, आणि त्या नावाने दिलेला हुकूम दुसरा कोणी वारस आला म्हणून रद्द होणार नाही. ताराबाईंना आयुष्यभर झगडून जे मिळाले नाही ते हेच. आपल्या महाविद्यालयाच्या एन.सी.सी. पथकातील ज्या मैत्रिणी दर रविवारी सकाळी मैदानावर कवाईत करतात, त्यांनी कधी कोल्हापूरला जाणे झाले तर कावळा नाक्यावर जरूर उतरावे. त्या घोड्याचा तोल पाहावा, आणि त्याच्यावर बसलेल्या स्त्रीलाही क्षणभर सलामी द्यावी.